बंद केलं तरी जात नाही

सात पायऱ्या उतरून ती तळघरातल्या खोलीच्या दाराशी आली तेव्हा तिच्या बुटांत पाणी पचपचत होतं आणि तोंडात शिवी होती. शिवी फोनसाठी होती. पण दार उघडलं त्याने.

"मला?" त्याने विचारलं.

"फोनला. पण हवी असेल तर तुमच्यासाठीही आहे एक."

तो हसला. आत जाऊन टॉवेल घेऊन आला आणि तिच्या हातात न देता दाराच्या कडीला अडकवून ठेवला… तिला संकोच वाटू नये म्हणून. तिच्या हे लक्षात आलं. बायकांच्या लक्षात येतं. पुढे याच माणसाने जो घोळ घातला, त्याचं बीज या टॉवेलातच होतं, पण त्या दिवशी तिला ते गोड वाटलं.

ती घरोघरी जाऊन ड्रेसिंग करणारी नर्स. एका लहान संस्थेने पाठवलेली. पेशंट म्हणजे त्याचे वडील, आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेले गृहस्थ. साखरेने त्यांच्या टाचेला जखम केली होती आणि ती भरत नव्हती. खोलीला एकच खिडकी, थेट रस्त्याच्या पातळीला. तिच्यातून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे फक्त पाय दिसायचे.

ड्रेसिंग झालं. ती स्टुलावर बसली आणि संस्थेच्या वेबसाइटवरचा फॉर्म भरू लागली. जखमेची लांबी, रुंदी, रंग, पू, वास… चौदा रकाने. शेवटचं बटण दाबलं. पान पांढरं झालं. सगळं गेलं.

"आज दुसऱ्यांदा!" ती ओरडली.

"इथे खाली नेट येत नाही," तो म्हणाला. "आणि ती वेबसाइट आहे. फोनमध्ये ती नसतेच, दर वेळी बाहेरून मागवायची. वाट बंद झाली की हात हलवत परत."

"तुम्हाला बरं कळतं."

"प्रोग्रामर आहे."

"मग आम्हाला ॲप करून द्या."

"फोनमधल्या ॲपच्या दुकानातून उतरवायचं ॲप? मोबाइलच्या प्रत्येक जातीसाठी वेगळं करायचं, दुकानाने पास करायची वाट बघायची, वर ते फोनमध्ये जागा खाणार. आहे जागा?"

तिने फोन पुढे केला. काठोकाठ भरलेला. एकजात जखमांचे फोटो.

"जखमांशिवाय कोणाचा फोटो नाही?"

"जखमेशिवाय माझ्याकडे कोणी येतच नाही."

"अरे, त्या पोरीला आधी पाणी दे," वडील पलंगावरून म्हणाले. "मुलाखत नंतर घे."

आठ दिवसांनी त्याने तिचा फोन वर रस्त्यावर नेला आणि त्यावर काहीतरी चढवून आणलं.

"प्रोग्रेसिव्ह वेब ॲप म्हणतात याला."

"नावच एवढं लांब, उघडायला किती वेळ लागेल?"

"आतून वेबसाइटच आहे, सिस्टर. पत्त्यावर जायचं, फोनच्या पहिल्या पानावर ठेवायचं. झालं. दुकान नाही, परवानगी नाही, जागाही जवळजवळ नाही. पण पहिल्यांदा आली की आपलं सामान तुमच्या फोनमध्ये ठेवून देते. पुढच्या वेळी नेट असो नसो, उघडते. तुम्ही लिहाल ते जपून ठेवते आणि नेट आलं की पाठवते."

"म्हणजे घरजावई," वडील म्हणाले. "आला पाहुणा म्हणून आणि कपडे लावले कपाटात."

ती इतकी हसली की चिमटा खाली पडला.

फोनने विचारलं, सूचना पाठवू का? तिने 'नाही' दाबलं. "टुंग वाजलं की माझे पेशंट दचकतात."

"एकदा नाही म्हटलं की ते पुन्हा विचारणार नाही हं."

"मानी दिसतंय."

"बनवणाऱ्यावर गेलंय," वडील म्हणाले.

"आणि काम झालं की बंद करत जा," त्याने कान लाल करत विषय बदलला. "मी दुरुस्ती केली की नवं रूप फोनमध्ये गुपचूप उतरतं, पण मागे थांबून राहतं. जुनं पूर्ण बंद होईपर्यंत पुढे येत नाही."

"मी नाही बंद करणार. पोळलेय मी. बंद केलं आणि सगळं गेलं तर?"

"बंद केलं तरी जात नाही, सिस्टर."

"असं सगळेच म्हणतात."

दर दिवसाआड ती येऊ लागली. तिच्या उजव्या हातात चिमटा असतो हे पाहून त्याने सगळी बटणं डाव्या अंगठ्याखाली आणून ठेवली, आणि त्याबद्दल एक अक्षर बोलला नाही. अशा दुरुस्त्या तो स्वतःच करायचा. तिचा फोन हातात घ्यायचा, जुनं बंद करायचा, नवं उघडून परत द्यायचा. फोन देता-घेताना बोटांना बोटं लागायची. मग दोघंही उगाच जखमेकडे बघायची.

"सिस्टर," वडील म्हणायचे, "तुझ्या एका बुटाची नाडी निळी का गं?"

"पांढरी तुटली, काका."

"बरं झालं. आमच्याकडे एकजण खिडकीत बसून ती नाडी ओळखतो."

"बाबा!"

आणि ती? ती खिडकीजवळ आली की मुद्दाम हळू चालायची. दोन चांगली, धडधाकट, कमावती माणसं. बोलायला जीभ होती, अडवायला कोणी नव्हतं. पण नाही! एक खिडकीतून नाडी बघणार, दुसरी रस्त्यावर पाय रेंगाळवणार. मला अशा प्रेमाचं कौतुक नाही. लोक त्याला हळवं म्हणतात, मी त्याला भित्रं म्हणतो.

तीन महिन्यांत जखम भरली. आणि त्याच आठवड्यात त्याला दूरच्या एका गावी मोठी नोकरी लागली. सोमवारी निघायचं होतं. वडिलांजवळ राहायला आत्या येणार होती.

बुधवारी तिची शेवटची फेरी. कातडी गुलाबी झाली होती. तिने लिहिलं, 'जखम बंद', आणि निघाली. तो पायऱ्यांपर्यंत सोडायला आला. तिला त्याच्या तोंडून एकच वाक्य हवं होतं. साधं, मोडकं, कसंही चाललं असतं.

"सिस्टर, एक सांगायचं होतं…"

"सांगा ना."

"…फोन चार्ज करत जा. बॅटरी फार उतरते तुमची."

ती सात पायऱ्या चढून गेली. वळून पाहिलं नाही, कारण डोळे भरले होते. रविवारी दिवसभर तिने फोन उशाशी ठेवला. वाजला नाही. तिने तरी लावायचा? नंबर होता की! पण मान आड आला. सोमवारी तो गेला. तिने मनाशी म्हटलं, चला, पेशंटचा मुलगा होता, पेशंट बरा झाला.

महिन्याभरात संस्थेने एका बड्या कंपनीचं ॲप घेतलं, सगळ्यांना नवे फोन दिले. तिने जुन्या फोनमधलं सिमकार्ड काढून नव्यात घातलं आणि जुना फोन कपाटात टाकला.

अकरा महिने गेले.

मग एके दुपारी आत्याचा निरोप आला… टाच पुन्हा फुटली. मागच्या वर्षीची मापं लागणार होती आणि नव्या ॲपमध्ये जुन्या नोंदी आल्याच नव्हत्या. तिने जुना फोन शोधला, चार्ज केला, पिशवीत टाकला.

सात पायऱ्या खाली उतरताच नव्या ॲपने हात वर केले. नेट जोडा म्हणे. एवढं मोठं, दुकानातून आलेलं, महागाचं ॲप. पण तळघरात राहणारी माणसंही आजारी पडतात, हे ते बनवणाऱ्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

वडील बोलेनात. नेहमी बडबडणारा माणूस भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"काका, रागावलात?"

"पाय बघ. मनाचं तुझं खातं नाही."

तिने गॉझ उलगडलं. जुना फोन सुरू केला. नेट नाही, सिम नाही, पण ते ॲप क्षणात उघडलं. डावीकडची बटणं जागच्या जागी. आणि बटणांच्या वर, जिथे एरवी तारीख असायची, तिथे चार ओळी होत्या.

'रविवारी दहा वाजता या. ड्रेसिंगसाठी नाही, माझ्यासाठी. आलात तर नोकरीला नाही म्हणतो. नाही आलात तर समजेन, पुन्हा विचारून त्रास देणार नाही.'

तिने पुन्हा वाचलं. मग फोन पलंगावर ठेवला आणि उघड्या जखमेवर गॉझ झाकलं.

"काका… त्या रविवारी तो…"

"सकाळपासून त्या खिडकीत होता," वडील भिंतीकडेच बघत म्हणाले. "लोकांचे पाय बघत. काळोख पडला तरी उठेना. एक 'नाही' तरी कळवायचंस, पोरी."

"मी हे आत्ता वाचलं, काका. आत्ता. या मिनिटाला."

आता ते वळले.

"असं कसं? मला त्याने दाखवलं होतं. त्याच्या फोनवर लगेच दिसलं."

"त्याच्या फोनवर दिसलं. माझ्या फोनवरचं ॲप मी कधी बंदच केलं नाही."

नवं रूप तिच्या फोनमध्ये कधीच उतरलं होतं. कदाचित त्याच बुधवारी, ती रस्त्याने डोळे पुसत जात असताना. तिच्या खिशात, मग उशाशी, मग कपाटात ते जुनं बंद व्हायची वाट बघत राहिलं. कपाटात बॅटरी संपून फोन विझला तेव्हा कुठे जुनं बंद झालं, आणि आज उघडताच हे पुढे आलं. इतके दिवस प्रत्येक नवं रूप त्याने स्वतःच्या हाताने चढवलं होतं. नेमकं हे एक त्याने लांबून पाठवलं. नियम त्याचाच, विसरलाही तोच. नंबर असताना, पायऱ्यांवर समोर उभी असताना, हा शहाणा यंत्राच्या आड जाऊन बोलला! आणि ही शहाणी उशाशी फोन ठेवून मान जपत बसली. माझ्याकडून दोघांनाही माफी नाही.

"फोन लावू त्याला?" वडील उठू लागले, आणि मग अर्ध्यातच थांबले.

"काय झालं, काका?"

"त्याचं… ठरलंय गं. पुढच्या महिन्यात. त्याच्या ऑफिसातली मुलगी आहे." ते चादरीची कड चुरगळत राहिले. "मला म्हणाला, बाबा, या वेळी लिहीत बसलो नाही. तिच्यासमोर उभा राहिलो आणि विचारलं."

खिडकीबाहेरून कोणाचे तरी पाय घाईघाईने गेले.

"चांगलं केलं," ती म्हणाली. आवाज बरा निघाला. "शिकला म्हणायचा."

"तुझ्यावर शिकला, पोरी."

"हो. कोणावर तरी शिकावंच लागतं." तिने हातमोजे बदलले. "नका लावू फोन. त्या मुलीचं काय चुकलंय? आणि त्याला यातलं काही सांगायचं नाही. शपथ घ्या."

"आणि तू?"

"मी दर दिवसाआड येते की. टाच वर धरा."

तिने माप घेतलं. दोन सेंटिमीटर. मागच्या वर्षीपेक्षा लहान, पण त्याच जागी. पट्टी बांधली, पिन लावली. मग जुना फोन उचलून त्या चार ओळींखालच्या रिकाम्या रकान्यात डाव्या अंगठ्याने लिहिलं, 'आले असते.' बटण दाबलं. ॲप शहाण्यासारखं म्हणालं, जतन झालं, नेट आल्यावर पाठवू.

नेट यायचं नव्हतंच. त्यात सिम नव्हतं, आणि ती घालणारही नव्हती.

आयुष्यात पहिल्यांदा तिने ते ॲप बोटाने वर सारून पूर्ण बंद केलं. पिशवी खांद्याला लावली. पायऱ्या चढू लागली… एक, दोन, तीन. सातव्या पायरीवर उन्हात थांबली. राहवलं नाही. पुन्हा उघडलं.

सगळं जागच्या जागी होतं. त्याच्या चार ओळी, आणि खाली तिचे दोन शब्द.

निदान तेवढं तरी तो खरं बोलला होता.