दार कुणी बसवलं?

"चोरी न्हाई झाली, बाई. उलटंच झालंय. अपुरं होतं ते कुणीतरी पुरं करून ठिवलंय."

सुभेदार लालासाहेब एवढं बोलले आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या त्या एवढ्याशा कचेरीत दागिने गेलेली माणसं येत, नवरा पळालेल्या बायका येत. पण काही 'पुरं झालं' म्हणून रडकुंडीला आलेला माणूस धनाजीकाकांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

धनाजीकाका म्हणजे पोलिसातून निवृत्त झालेले हवालदार. प्रांजल वीरकर या खासगी तपासनीस बाईंची गाडी चालवायची आणि तपासात मधेच भलत्याच माणसावर बोट ठेवायचं, ही त्यांची दोन कामं. बाई वयानं त्यांच्या लेकीएवढी, माणदेशातल्या मेंढपाळांच्या घरातली. मेंढरू कळपातून कुठे फुटलं हे धुळीवरून ओळखणाऱ्यांचं रक्त ते.

"सगळं पहिल्यापासून सांगा, आबा," प्रांजल म्हणाली.

"माझा धाकटा, पृथ्वीराज, पलटणीत व्हता. रजेवर आला की लेकीला, शिवांजलीला, ब्लॉकचा एक बारका सेट आणायचा. गाडी, होडी, घर. त्या बारक्या बारक्या इटा जोडत बाप-लेक दिवसभर बसायची. शेवटच्या रजेत घर जोडाय घेतलं. पांढऱ्या भिंती झाल्या, वरचं राहिलं, आन् रजा संपली." म्हाताऱ्यानं मांडीवरची टोपी हातात घेतली. "गेल्या साली बर्फाचा कडा कोसळला, त्यात पोरगं गेलं. सूनबाईनं, मंगलनं, ते अर्धं घर काचेच्या कपाटात तसंच ठिवलं. कुणी हात लावायचा न्हाई. परवा सांच्याला बघतोय तर घर पुरं! छप्पर, दार, समदं. पोरीनं बघितलं आन् 'पप्पा आले, पप्पा आले' करत पळत सुटली. माळ्यावर बघितलं, गोठ्यात बघितलं. तवापासनं फाटकापाशी बसून हाय. जेवायसुदिक आत येत न्हाई."

"घर पाहून पप्पा आले असं तिला का वाटलं?"

"ती सांगंना, तिची आईबी सांगंना. सूनबाई म्हणती, हे बाळासोनं केलं, माझ्या थोरल्यानं, इकायसाठी. सोमवारी पोरीला घिऊन औंधला म्हायेरी निघालीय, कायमची. बाळासो व्हयबी म्हणत न्हाई, न्हाईबी म्हणत न्हाई." लालासाहेबांनी हात जोडले. "एक लेक गेला, बाई. आता नात गेली तर मी कुणाकडं बघून जगू?"

प्रांजल उठलीच. "काका, गाडी काढा."

पण गाडी आधी थांबली साताऱ्यातल्याच सदाशिव पेठेत, नाथाजीच्या दुकानापाशी. जुनी खेळणी घ्यायची आणि हौशी लोकांना विकायची, हा नाथाजीचा धंदा. बाळासोनं आठवड्यापूर्वी त्यालाच सेटची किंमत ठरवायला घरी बोलावलं होतं. पैसे पोरीच्या नावावर ठेवू, असं बाळासोचं म्हणणं होतं.

"किंमत ठरते कशी?" प्रांजलनं विचारलं.

"डबा न फोडलेला असला तर सगळ्यात जास्त," नाथाजी म्हणाला. "फोडलेला असेल तर तुकडे मोजायचे, चित्रांचं पुस्तक आहे का बघायचं. पांढऱ्या विटा पांढऱ्याच राहिल्या पाहिजेत, डाग चालत नाही. जोडणी चित्राबरहुकूम हवी. हे सगळं मी घरच्यांसमोरच सांगितलं."

"आणि ते अर्धं घर?"

"त्याला किंमत शून्य! लाल दारच नव्हतं त्यात. अहो, हे तुकडे नखाएवढे, पण दार नाही तर घर कसलं? पुस्तकातलं चित्र सगळ्यांपुढं धरलं, म्हटलं, असं दार घरात कुठं दिसतंय का बघा. तर मंगलवहिनी ताडकन उठून आत गेल्या."

"आणखी कोण काय बोललं?"

"बाळासोंनी विचारलं, सुटं दार मिळतं का. म्हटलं, मागवलं तर मिळतं. नको म्हणाले. आणि आजींनी विचारलं, हे जोडायचं कसं ते पुस्तकात लिवलंय का. म्हटलं, आजी, एक अक्षर नाही त्यात, नुसती चित्रं."

"मग दार कुणी मागवलं?"

"माझ्याकडून तरी कुणीच नाही."

गाडीत बसता बसता काकांनी निकाल देऊन टाकला. "बाळासोच, मॅडम. दुसरीकडनं दार आणलं, घर पुरं केलं, आता इकून मोकळा. दुधखुळं पोरगंबी सांगल."

"बघू," प्रांजल म्हणाली. ती 'बघू' म्हणाली की काकांचा निकाल हमखास फिरायचा.

पलूसच्या अलीकडे लालासाहेबांचं घर. दारापुढं तुळस, अंगणभर शिजवलेली हळद वाळत घातलेली, माणसांचे हात मनगटापर्यंत पिवळे. फाटकाच्या दगडावर नऊ-दहा वर्षांची एक पोर रस्त्याकडे तोंड करून बसली होती. गाडी थांबताच ती उभी राहिली, आतली माणसं बघितली आणि पुन्हा खाली बसली. काकांना भडभडून आलं. त्यांनी उगाच आरसा पुसला.

काचेच्या कपाटात ते घर होतं. तळहातावर मावेल एवढं. खालच्या विटा पांढऱ्याशुभ्र, वरच्यांवर मात्र पिवळे ठसे. प्रांजलनं चित्रांचं पुस्तक शेजारी धरलं. चित्रात हिरवं झुडूप खिडकीत होतं, इथं ते अंगणात, दाराच्या बरोब्बर समोर रोवलेलं. आणि लाल दार सताड उघडं.

प्रांजलनं दार हलकेच काढून काकांच्या हातावर ठेवलं. "कडा बघा."

"गुळगुळीत हायत की."

"बाकीच्या विटांच्या?"

"टोचत्यात."

मंगल आतल्या खोलीत पोरीचे कपडे बॅगेत भरत होती. कपाळावर कुंकू तसंच, गळ्यात मंगळसूत्र तसंच.

"ताई, दाराचं काय?" प्रांजलनं हळूच विचारलं.

मंगलचे हात थांबले. "दार हरवलं नव्हतं. जाताना त्यांनीच खिशात घातलं. म्हणाले, हे माझ्यापाशी ऱ्हाऊ दे. मी आलो की मीच बसवणार, तवर घर पुरं करायचं न्हाई. आमा तिघांतच व्हतं ते. आता कळलं का पोरगी का पळाली?" तिनं ओठ दाबले. "ते पेटीतनं आले. पेटी उघडू दिली न्हाई. मी तोंड बघितलं न्हाई त्यांचं. मग मी कसं मानू, सांगा? आन् भावजींनी कुठलं तरी दार आणून बसवलं. माझ्या लेकराची थट्टा केली."

बाळासो हळद पॉलिश करायच्या पिंपापाशी उभा होता. थोराड गडी, पण मान खाली.

"तुम्ही केलंत?"

"मंगल म्हणती न्हवं? तसं समजा."

"दार कुठून आणलं?"

"साताऱ्यातनं. नाथाजीकडनं."

"बरं. झुडूप कुठं रोवलंत?"

बाळासो गडबडला. "झुडूप? ... चितरात असंल तिथंच की."

काकांनी प्रांजलला कोपरानं ढोसलं. बघा, कबूल झाला! प्रांजलनं लक्षच दिलं नाही. ती सोप्यात लालासाहेबांपाशी जाऊन बसली.

"आबा, वर्षश्राद्ध कधी झालं?"

"पंधरवडा झाला." म्हातारा जमिनीकडे बघत राहिला. "कावळा शिवला न्हाई, बाई. उन्हं कलेस्तवर बसलो. पोरीला शिकिवतो म्हणालो, सुनंला अंतर देत न्हाई म्हणालो. फिरकला न्हाई. शेवटाला दर्भाचा कावळा करून शिववला. तवापासनं हिच्या घशाखाली घास उतरंना."

'ही' म्हणजे बनुबाई, पृथ्वीराजची आई. ती तेवढ्यात चहा घेऊन आली.

"आजी, तुम्हाला काय वाटतं, कुणी केलं असेल?"

"मला काय कळतंय, बाई? मला अक्षर येत न्हाई." कप ठेवून ती कोपऱ्यातल्या काळ्या ट्रंकेला टेकून बसली. ट्रंकेवर पांढऱ्या रंगात पृथ्वीराजचं नाव होतं.

"पलटणीनं धाडली," लालासाहेब म्हणाले. "माझी उघडायची छाती झाली न्हाई. सूनबाई तर तिच्याकडं बघतबी न्हाई. किल्ली देवाऱ्यात हाय."

काकांनी बघितलं. घरात जिथं बोट ठेवावं तिथं हळदीचा पिवळा धुरळा, पण ट्रंक लख्ख पुसलेली. रोज कुणीतरी पुसत असणार. आईचंच काळीज, काकांच्या मनात आलं, आणि त्यांनी म्हातारीचं नाव संशयितांतून काढून टाकलं. बिचारीला अक्षर येत नाही, ती कसली जोडतेय घर!

प्रांजलनं सगळ्यांना सोप्यात बसवलं. पोरगी फाटकाशीच होती. घर मधल्या पाटावर ठेवलेलं.

"आबा, हे किमतीसाठी केलेलं नाही," ती म्हणाली. "पांढऱ्यावर डाग नको, जोडणी चित्राप्रमाणे हवी, हे नाथाजीनं सगळ्यांसमोर सांगितलं होतं. विकायचं असतं तर बाळासोंनी हात धुतले असते, झुडूप खिडकीत लावलं असतं. झुडूप कुठं आहे हे त्यांना माहीतही नाही. नाथाजीनं दार विकलेलं नाही. बाळासो, तुम्ही खोटं बोललात. कुणाला तरी पाठीशी घालताय."

बाळासोनं तोंड फिरवलं.

"आता दार. नव्या दाराच्या कडा टोचल्या असत्या. हे खिशात, पाकिटात महिनोन् महिने घासलं गेलंय. मंगलताई, हे तुमच्याच घराचं दार आहे."

मंगलचा चेहरा पांढराफटक पडला.

"ते पृथ्वीराजांबरोबर गेलं. मग परत आलं कशातून? त्यांच्या वस्तू एकाच ट्रंकेतून आल्यात." तिनं ट्रंकेकडे बघितलं. "तिला हात लावायची आबांची छाती नाही, ताईंचं मन नाही. पण ती रोज पुसली जाते, आणि किल्ली देव्हाऱ्यात असते. ज्यानं ती उघडली, त्याला तो लाल तुकडा कसला हे कळलं नव्हतं. नाथाजीनं चित्र दाखवलं तेव्हा कळलं. आणि चित्रं बघून घर जोडायला अक्षर यावं लागत नाही."

काकांनी डोळे मिटून घेतले. चुकलं होतं. नेहमीसारखंच.

"जोडणाऱ्याला चित्रातलं घर जोडायचंच नव्हतं," प्रांजलचा आवाज खाली आला. "त्याला आपलं घर जोडायचं होतं. दारापुढं झुडूप कोण लावतं? ज्याच्या घरापुढं तुळस असते तो. आणि दार उघडं का ठेवलं? कुणाला तरी बाहेर पडायला वाट हवी म्हणून. श्राद्धाला कावळा शिवला नाही. जिवाचं काही अपुरं राहिलं असलं की शिवत नाही म्हणतात. मग नाथाजी आला आणि म्हणाला, हे घर अपुरं आहे. आजी, खरं ना?"

बनुबाईनं पदर तोंडाला लावला. मग काढला.

"समदी हळदीला गेली की दुपारचं बसायची मी," ती म्हणाली. "एक चितर, एक ईट. जोडल्यालं ट्रंकेत दडवायची. ज्या त्या येळंला वाटायचं, माझं लेकरू बर्फात अडाकलंय, कावळा शिवंना, कशात जीव राहिला त्येचा? मग म्हणलं, ह्यातच. पुरं करून दिलं तर सुटंल. दाराचं तुमचं ठरलेलं मला ठावं नव्हतं गं, मंगल. पोरगी 'पप्पा आले' म्हणत पळाली तवा कळलं मी काय करून बसले. मग तोंडच उघडंना. बाळासोनं मला कपाटापाशी बघितलं व्हतं, त्येनं आपल्या अंगावर घेतलं."

बाळासो लहान पोरासारखा हुंदके देत होता.

"आत्या," मंगलनं सासूला विचारलं, "दार कशात व्हतं?"

"पाकिटात. त्येच्या अंगावरच्या."

"अंगावरच्या?"

"व्हय. भिजून वाळल्यालं पाकीट. तुझा फोटू, आन् त्येच्या मागं ते."

मंगलचा नवरा ते दार जिवंतपणी कुणाच्या हाती देणारा नव्हता, हे त्या घरात तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

"आन् कावळा?" तिनं शेवटी विचारलं.

"घर पुरं झालं त्याच दिशी पत्र्यावर घास ठिवला," बनुबाई म्हणाली. "ठिवला न ठिवला तोच झडप घातली."

"म्हंजे गेले ते?"

बनुबाईनं होय म्हणून मान हलवली आणि हात पसरले. वर्षभर जी बाई रडली नव्हती, ती सासूच्या मांडीत कोसळली, आणि तिचा तो आवाज ऐकून अंगणातल्या बायकांनी हळद तशीच टाकली. लालासाहेबांनी भिंतीकडे तोंड केलं. धनाजीकाका उठून बाहेर आले. त्यांना हे बघवेना.

बऱ्याच वेळानं मंगल बाहेर आली. बॅगेचं कुणी नाव काढलं नाही. प्रांजल पुढं होऊन म्हणाली, "ताई, पोरीला मी समजावू का?"

"नको. हे माझंच काम हाय."

ती फाटकापाशी गेली आणि लेकीच्या शेजारी मातीतच बसली. पोरगी रस्त्याकडेच बघत होती.

"शिवा, दार आजीनं बसवलं. पप्पांच्या पाकिटात व्हतं ते. पप्पा न्हाईत यायचे, बाळा."

शिवांजलीनं मान वळवली. आईचं तोंड तिनं नीट निरखून बघितलं.

"दिवाळीलाबी न्हाई?"

"न्हाई."

"मग कवा?"

मंगलनं तिला ओढून पोटाशी धरलं.

"कवाच न्हाई गं, माझे बाई. कवाच न्हाई."