दोनशे सत्तावन्नावं

लेक दुपारी एकला झोपते आणि मी लॅपटॉप उघडते. चार महिन्यांची आहे, अजून कुशीवरही वळत नाही. जिथे ठेवावी तिथेच सापडते. तिच्या झोपेवर माझी नोकरी चाललीय.

काम कंपायलरचं, म्हणजे आपण लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवून देणाऱ्या प्रोग्रॅमचं. अक्षराचा आकडा आणि आकड्याचं पुन्हा अक्षर करताना तो घोळ घालत होता. घोळ निस्तरून मी चाचणी लिहिली: दोनशे छप्पन्न अक्षरं पाठवायची, तेवढीच परत यायला हवीत.

दोनशे सत्तावन्न आली.

जास्तीचं अक्षर शेवटी होतं, कोरं. माझीच मोजणी चुकली म्हणून सगळं उलटसुलट तपासलं. पुन्हा चालवली, तर ते मधोमध. तिसऱ्यांदा सगळ्यांत पुढे. त्याचा आकडा छापायला सांगितला, तर कर्सर नुसता लुकलुकत राहिला. आत लेकीचा श्वास ऐकू येत होता. लुकलुक त्याच लयीत होती, की मलाच तसं वाटत होतं, कोण जाणे.

आमच्या गटप्रमुखांना सगळे मास्तर म्हणतात. त्यांना फोन लावला. त्यांच्याकडे तीच चाचणी बिनबोभाट पास होत होती.

"तुझ्या मशीनला आणखी कुणी हात लावतं का?"

"नाही हो. घरात आम्ही दोघीच."

ते म्हणाले, पाचपर्यंत झालं नाही तर काम दुसऱ्याला जाईल, आणि सोमवारपासून मी ऑफिसात यायचं. म्हणजे लेक सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाळणाघरात. अजून बाटलीला तोंड लावत नाही ती.

तीन वाजले. चार वाजले. ओळ न् ओळ उसवून पुन्हा शिवली. डोकं भिंतीवर आपटावंसं वाटलं, पण आवाजाने ती उठली असती.

आत ती खुदकन हसली. झोपेत हसतात बाळं. पाठोपाठ पुन्हा हसू ऐकू आलं, जरा वेगळं.

मास्तरांचा पहिला धडा: उत्तर चुकलं तर प्रोग्रॅम सुधारायचा, चाचणी नाही. पाचाला दहा कमी असताना मी चाचणीतला दोनशे छप्पन्न खोडला आणि सत्तावन्न लिहिला.

पास. हिरवी खूण. लगेच पाठवून दिलं.

"झालं ना? मग राहा घरीच," मास्तर म्हणाले.

खोलीत गेले.

लेक कॉटच्या अगदी कडेला झोपली होती. मी तिला मधोमध ठेवलं होतं.

तिच्या शेजारी गादीला लहानसा खळगा पडला होता. हात ठेवला. ऊब होती.

पांघरूण सरळ करायला घेतलं. ते दोघांना पुरत नव्हतं.