देवघरातली पिओनी

कागदाची पिशवी होती, पण पिशवीतली कळी नव्हती!

पिशवीची नीट चौकोनी घडी घालून ती कुंडीच्या काठावर ठेवलेली होती. वाऱ्यानं उडू नये म्हणून वर एक खडासुद्धा. देठ कात्रीनं साफ कापलेला. माकड आलं असतं तर त्यानं पिशवीच्या चिंध्या केल्या असत्या, आणि पाखरं काही खडे ठेवत बसत नाहीत. म्हणजे हे काम माणसाचं, आणि तेही चांगल्या नीटनेटक्या माणसाचं. स्वरदाच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"खुरप्याऽऽ!" ती गच्चीवरून एवढ्या मोठ्यानं ओरडली की खालच्या रस्त्यावरची दोन माणसं वर बघायला लागली.

ही गोष्ट घडेल तेव्हा तुमचे, म्हणजे आत्ता हे वाचणाऱ्यांचे, केस पिकलेले असतील. वाईसारख्या गावातसुद्धा तेव्हा बिनचालकाच्या रिक्षा धावत असतील आणि घरोघरी यंत्रमानव असतील. खुरप्या हा स्वरदाच्या विजूआत्याचा यंत्रमानव. आत्या वनस्पतिशास्त्रज्ञ, म्हणून खुरप्याला झाडांचं सगळं कळायचं. माणसांचं मात्र काही म्हणजे काही कळत नसे.

"कळी खालच्या मजल्यावरच्या देवस्थळी आजींनी नेली," तो शांतपणे म्हणाला. "सकाळी कात्री घेऊन आल्या होत्या."

"आणि तू बघत बसलास?"

"मला माकडं, पाखरं आणि मधमाश्या हाकलायला सांगितलं होतं. आजी त्यात येत नाहीत."

"डोकं आहे का खोकं!" स्वरदा किंचाळली आणि दाणदाण पायऱ्या उतरायला लागली.

एका कळीसाठी एवढा थयथयाट कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण ती कळी साधी नव्हती. पिओनी हे थंड देशांतलं फूल. ओंजळभर मोठं, गुलाबाहून भरगच्च पाकळ्यांचं. आपल्याकडे त्याचं रोप जगतं, पण फुलत नाही. कारण हे झाड थंडी मोजतं! हिवाळ्यात कित्येक आठवडे कडाक्याची थंडी लागली, तरच त्याची कळी जागी होते. याला शीतगरज (फुलण्यासाठी झाडाला लागणारी थंडी) म्हणतात. वाईची थंडी म्हणजे सकाळी स्वेटर आणि दहा वाजता घाम. पिओनी बिचारी वाट बघत झोपून राहते.

स्वरदा पाच वर्षांची होती तेव्हा विजूआत्यानं एक संकर (दोन वेगळ्या जातींच्या झाडांपासून केलेली नवी पिढी) केला होता. आई होती भरगच्च फुलांची, थंडी मागणारी पिओनी. बाप होता दूरच्या एका उबदार समुद्रकाठचा, कमी थंडीत फुलणारा रानटी पिओनी. त्या बिया स्वरदानं आपल्या हातांनी पेरल्या होत्या. बरीच रोपं मेली, एकच तगलं. गेल्या पावसाळ्यात त्याचीही मुळं कुजली. आणि यंदा, वाईच्या उन्हात, त्या आजारी रोपाला एक कळी आली. एकच! झाड जाणार हे स्वरदाला माहीत होतं. जायच्या आधी त्यानं बिया द्याव्यात, त्यांतून घरोघरच्या कुंडीत फुलणारी पिओनी निघावी, एवढंच तिला हवं होतं. आता फूलच नाही म्हटल्यावर बी कुठून येणार?

देवस्थळी आजींचं दार उघडंच होतं. उदबत्तीचा वास येत होता. देवघरात गणपतीपुढं, चांदीच्या फुलपात्रात, पाण्यात देठ बुडवून कळी दिमाखात उभी होती.

"आजी, तुम्ही माझी कळी चोरलीत!"

"काय गं बोलतेस!" आजी ताडकन वळल्या. ऐंशी वर्षांच्या, पण आवाज खणखणीत. "चोरली? आज अंगारकी आहे. गच्चीवरची फुलं सगळ्यांच्या देवांना, हे या इमारतीत पहिल्यापासून ठरलंय, हवं तर विचार तुझ्या आजोबांना."

"तिला पिशवी घातली होती! दिसली नाही का?"

"दिसली की! म्हणून तर तीच आणली. वास घेतलेलं फूल देवाला चालत नाही. येता-जाता कुणी नाक खुपसू नये म्हणून तू पिशवी घातलीस. मी म्हटलं, बघा, आजच्या पोरीला एवढं सोवळं कळतं! सगळ्यांना फोन करून तुझं कौतुक केलं!"

हे ऐकून स्वरदा आणखीच भडकली. चोरी परवडली, पण वर कौतुक? "ती पिशवी मधमाश्यांसाठी होती! दुसऱ्या झाडाचे पराग लागू नयेत म्हणून! द्या माझी कळी!"

"देवाला वाहिलेलं परत मागतात होय? उद्या सकाळी निर्माल्य काढीन तेव्हा ने."

"उद्या काय करू त्याचं? डोंबल?"

"तोंड सांभाळ हं स्वरदे!"

रागानं रडू येतं तेव्हा त्या रडण्याचा आणखी राग येतो. स्वरदा तशीच जिन्यात जाऊन बसली आणि तिनं आत्याला फोन लावला. आत्या पाचगणीच्या शीतगृहात (थंडी टिकवून धरणाऱ्या काचेच्या घरात) होती. थंडी मागणाऱ्या पिओनी तिनं तिथंच वाढवल्या होत्या. स्वरदानं हुंदके देत सगळं सांगितलं. "संपलं सगळं, आत्या! पाच-सहा वर्षं पाण्यात गेली!"

"कळी उमललीय?" आत्यानं विचारलं.

"नाही. पण देठच कापलाय ना! बी कुठं धरणार, देवाच्या पाटावर?"

"बरं, मला एक सांग. तुझ्या झाडाचा बाप वाईला कधी आला होता?"

"आला नव्हता. तो तर समुद्राकाठी..." स्वरदा बोलता बोलता थांबली. "मग बाप कसा झाला?"

"तूच सांग."

स्वरदानं नाक पुसलं. "तू डबी दाखवली होतीस. पिवळी पूड होती त्यात."

"ते परागकण (फुलातल्या नर भागावरची पूड). बाप तिकडंच राहिला, पूड डबीतून इकडं आली. बी घडायला आईकडून अर्ध्या सूचना लागतात आणि बापाकडून अर्ध्या. त्या सूचनांना जनुकं (झाडाचे गुण ठरवणाऱ्या सूचना) म्हणतात. बापाची अर्धी त्या पुडीत मावतात. तुझ्या कळीच्या पोटातही ती पूड आहे. आजींनी वर पाणी शिंपडलं का?"

"नाही, देठ पाण्यात आहे."

"वा! पूड भिजली की फुटून वाया जाते. कोरडी असेल तर जिवंत असते. कळी उमलायच्या आत इकडं आण. माझ्या झाडांना आज फुलं तयार आहेत."

स्वरदा पुन्हा आजींच्या दारात गेली. हात जोडायला हवे होते, पण राग काही जाईना. ती कमरेवर हात ठेवूनच म्हणाली, "आजी, माझं झाड मरतंय. खरंच मरतंय. ही त्याची शेवटची कळी आहे. तिच्यातली पूड आज दुसऱ्या फुलाला लावली नाही, तर त्याचं काहीच उरणार नाही. तुम्ही नाही दिलीत तर मी आयुष्यभर तुमच्यावर चिडून राहीन!"

आजी देवापुढं वाकल्या, काहीतरी पुटपुटल्या आणि फुलपात्र उचललं.

"देवाकडनं फूल परत मागत नाहीत," त्या करड्या आवाजात म्हणाल्या. "पण देव प्रसाद देतो. उजवा हात पुढं कर. आणि फुलपात्र चांदीचं आहे, मी बरोबर येणार."

रिक्षा पसरणीचा घाट चढायला लागली. आजींनी वळणावळणावर फुलपात्र छातीशी धरलं, थेंबही वर उडू दिला नाही.

पाचगणीला आत्यानं चिमट्यानं कळीच्या पाकळ्या एकेक करून बाजूला केल्या. आत पिवळे पुंकेसर (पूड धरणाऱ्या बारीक काड्या) दाटीनं उभे होते. ते कापून तिनं कोरड्या कागदावर पसरले. जेवणं होईपर्यंत ते फुटले आणि कागदावर पिवळा थर पडला. मग आत्यानं ब्रश स्वरदाच्या हातात दिला. समोरच्या गुलाबी फुलांचे पुंकेसर आत्यानं आधीच काढून टाकले होते, म्हणजे त्यांची स्वतःची पूड मध्ये येणार नव्हती. स्वरदानं श्वास रोखून ब्रश कुक्षीवर (मादी भागाच्या चिकट टोकावर) टेकवला. मग आणखी एका फुलावर, आणि आणखी एका.

"म्हणजे माझं झाड आई होणार होतं, ते बाबा झालं," ती म्हणाली.

"आई व्हायची ताकद नव्हतीच त्याच्यात," आत्या हळूच म्हणाली. "बी भरायला पाच महिने लागतात, आणि मुळं कुजलेली. मी आज कळी आणायला खाली येणारच होते. तुला आधी सांगायला जीव धजला नाही."

"तुला माहीत होतं?" स्वरदाचा चेहरा लालबुंद झाला. "मी रोज त्याला सांगत होते, बी धर, बी धर! आणि तू ऐकत होतीस! मला लहान समजू नकोस, आत्या. वाईट गोष्टसुद्धा सांगत जा मला!"

"चुकलं माझं," आत्या म्हणाली. आजींनी त्यावर जोरात मान डोलावली, आणि पहिल्यांदाच आजी आणि स्वरदा एका बाजूला झाल्या.

झाड वैशाखात गेलं. स्वरदानं ते स्वतः उपटलं.

गणपतीच्या सुमारास पाचगणीच्या शेंगा तडकल्या. आतल्या काळ्याभोर, टपोऱ्या बिया आत्यानं वाईला आणल्या. खुरप्यानं प्रत्येक बीचा केसाएवढा कपचा काढून आपल्या जनुकवाचकात (जनुकं वाचणाऱ्या यंत्रात) घातला. आजीही चष्मा पुसून, हातात आपली कुंडी घेऊन बघायला आल्या होत्या.

"या बीत कमी थंडीचं जनुक आहे," खुरप्या सांगू लागला. "हिच्यात नाही. हिच्यात नाही. हिच्यात आहे."

"नाही म्हणजे काय?" स्वरदा उसळली. "बाप तर एकच होता!"

आत्यानं दोन शेंगदाणे घेतले, एक सालासकट आणि एक सोललेला. "झाडाकडं प्रत्येक सूचनेची जोडी असते. तुझ्या झाडाच्या जोडीत एक कमी थंडीची, रानटी बापाकडून आलेली. दुसरी जास्त थंडीची, आईकडून आलेली. जोडीत कमी थंडीची एक जरी असली तरी झाडाला ती पुरते, म्हणून ते वाईत फुललं. पण पराग घडताना जोडी फुटते. एका कणात एकच दाणा जातो. कुणाला हा, कुणाला तो. आणि पाचगणीच्या आयांकडं तर दोन्ही जास्त थंडीच्याच होत्या."

स्वरदानं शेंगदाण्यांकडं पाहिलं. "म्हणजे साधारण अर्ध्या बियांत येणार, अर्ध्यांत नाही."

"बरोबर," खुरप्या म्हणाला. "बिया बावीस. दहांमध्ये जनुक आहे."

दहा! स्वरदानं त्या दहा बिया ओंजळीत घेतल्या. तिचं झाड कुठंच नव्हतं, आणि तरी दहा जागी होतं. हे कळलं तरी झाड गेल्याचा राग काही कमी होईना. तिनं तो कमी करायचा प्रयत्नही केला नाही.

"यातली एक माझ्या खिडकीतल्या कुंडीत लावशील?" आजींनी विचारलं. "फूल कधी येईल?"

"चार-पाच वर्षांनी," आत्या म्हणाली.

"अगो बाई! तोवर मी कुठली असायला?"

स्वरदा गर्रकन वळली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि आवाज चांगलाच चढला होता.

"असावंच लागेल! कळी माझी नेलीत ना? मग फूल येईपर्यंत पाणी तुम्हीच घालायचं. एक दिवस चुकवलात ना, आजी, तर माझ्याशी गाठ आहे!"

आजींनी कुंडी पुढं ओढली आणि माती भुसभुशीत करायला बसल्या.