नोंदी तर येताहेत

"पोरगा चांगला आहे, पण दुखलं-खुपलं सांगत नाही. तुले घोर लागन," माझ्या ऑफिसातल्या कमलाताई म्हणाल्या होत्या. मी हसले. प्रेमात पडलेल्या मुलीला असलं बोलणं हसण्यासारखंच वाटतं.

लोकेश आमच्या बालाघाटच्या ऑफिसात हिशेबाच्या कामासाठी पहिल्यांदा आला, तेव्हा बाहेर मावठ्याची झिमझिम होती. कमलाताई शेजारच्या टेबलावर, मी व्हाउचरं टाइप करत बसलेली. तो मागे उभा राहिला.

"काय पाहून राह्यले?"

"तुमची बोटं. काहून छळता बिचाऱ्याहिले?"

त्यानं लॅपटॉप उघडला. हिशेबाच्या सॉफ्टवेअरसाठी तयार मिळणारा कोड होता, त्याच्या आधारानं लिहिलेली त्याची छोटीशी स्क्रिप्ट, आपोआप काम करणारा प्रोग्रॅम... आणि माझ्या दिवसभराच्या नोंदी, नावे-जमा जुळून, सरसर पडल्या.

"आता मी काय करू?"

"माझ्यासंग चहा."

"आणि चहा संपल्यावर?"

त्याचे कान लाल झाले. "तं... दुसरा सांगू."

लग्न झालं, बाळ झालं. लोकेशला मलाजखंडला एका ठेकेदाराकडे काम मिळालं. मी बाळाला घेऊन बालाघाटलाच राहिले, तो दर शनिवारी यायचा. तिथंही त्यानं ऑफिसच्या कम्प्युटरवर स्क्रिप्ट लावली. संध्याकाळी ती आपोआप चालते, दिवसभरात आलेली बिलं उचलून नोंदी टाकते.

"कोणाले सांगू नको हं," तो म्हणाला होता. "शनिवारची बस लवकर पकडता येते... तुले लवकर पाहता येते."

या शनिवारी तो आला नाही. "थोडी कसकस आहे," फोनवर आवाज खोल गेलेला. "बाळ कसं आहे?" मग दोन दिवस फोन बंदच.

सोमवारी संध्याकाळी मी त्याच्या ऑफिसातल्या भोजराजभाऊंना फोन लावला.

"अरे भाभी, टेन्शन नका घेऊ! रूमवरून काम करून राह्यला तो. आजच्या नोंदी आल्या ना!"

नोकरी जाईल त्याची, हे कळत होतं. तरी बोलले, "त्या नोंदी तो नाही करत, भाऊ. स्क्रिप्ट करते. तो झोपून असला तरी..."

"तुम्ही बी ना भाभी!" ते हसले. "उद्या पाहतो जाऊन."

उद्या! मी बाळाला उचललं नि बस पकडली. वाटेत बैहरच्या अलीकडे रस्त्यावर झाड पडलंय. बस उभी आहे, पाऊस थांबत नाही. बाळ मांडीवर झोपलंय. मी त्याचा श्वास पाहत राहते.

तुम्ही मलाजखंडला असाल, तर बस स्टँडच्या मागं, पिठाच्या चक्कीशेजारी निळ्या दाराची खोली आहे. कडी वाजवा. उघडलं नाही, तर थांबू नका, दार ढकला. आणि त्यानं डोळे उघडले, तर एवढंच सांगा... ती येऊन राह्यली आहे.