गार इंजिनाची साक्ष

मालनबाई आल्या तेव्हा माधवीने नुकतंच कार्यालय उघडलं होतं. शहराच्या कोठी भागात पुस्तकांच्या दुकानांवर तिची खोली होती आणि दारावर 'खाजगी तपास' एवढीच पाटी. मालनबाई खुर्चीवर बसल्या नाहीत.

"ताई, मी रडायला आले नाही," त्या म्हणाल्या. "मला राग आलाय. माझ्या नवऱ्यानं जे केलंच नाही, त्यासाठी लोकांनी त्याला मारहाण केलीय."

त्यांचा नवरा दत्तोबा हिमायतनगरच्या किशोरशेठकडे ड्रायव्हर होता. दोन दिवसांपूर्वी पहाटे, धुकं असताना, शेठच्या गल्लीत एकनाथराव नावाच्या निवृत्त मास्तरांना शेठच्या गाडीने उडवलं. शेठच्या फाटकाशी गाडी तिरकी उभी होती, पुढचा दिवा फुटलेला, आणि उघड्या दारातून दत्तोबा आत वाकलेला. लोकांनी त्याला ओढून बदडलं. गाडी पोलिसांनी नेली. दत्तोबा जामिनावर सुटला होता. पण मास्तरांना अजून शुद्ध नव्हती. त्यांचं काही बरंवाईट झालं, तर दत्तोबाच्या नशिबी तुरुंगच होता.

माधवीचा मावसभाऊ उदय तिला तपासात मदत करायचा. तो सरळ मनाचा होता आणि त्याला सगळ्यांचंच खरं वाटायचं. दोघं गौलीगुड्याला दत्तोबाच्या घरी गेले. उंच, हाडापेराने मोठा माणूस भिंतीला टेकून बसला होता. हाताला प्लास्टर, एक डोळा सुजलेला.

त्याने सांगितलं की तो नेहमीप्रमाणे घरून चालत गाडी धुवायला निघाला होता. फाटकाशी गाडी उभी दिसली, इंजिन चालू, आत कोणी नाही. आत बसून ती बंद करावी म्हणून तो वाकला. पण सीट इतकी पुढे ओढलेली होती की त्याचे गुडघे मावेनात. तेवढ्यात मागून कोणी कॉलर धरली. रस्त्यावर मास्तर पडलेत हेही त्याला तेव्हाच कळलं.

"त्या गल्लीत कॅमेरा नाही का?" उदयने विचारलं. गल्लीतला कॅमेरा कधीचा बंद होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी उदय आपली जुनी गाडी घेऊन माधवीला न्यायला आला. गाडीला त्याने गॅस किट बसवून घेतलं होतं, आणि हिवाळा लागल्यापासून त्याची तक्रार थांबत नव्हती. गाडी गार असली की पेट्रोलवरच सुरू होते. स्विचवरचा हिरवा दिवा लुकलुकत राहतो, आणि इंजिन तापलं की मगच स्थिर होतो, म्हणजे तेव्हा कुठे गॅस सुरू होतो. घरून निघाल्यावर नारायणगुडा ओलांडेपर्यंत, म्हणजे काही किलोमीटर, ते पेट्रोलच पितं.

"तापायच्या आधीच गॅस लावला तर?" माधवीने विचारलं.

"एका मित्राच्या जुन्या किटवर लावून बघितला होता. गॅसच्या डब्यावर बर्फ धरला आणि गाडी रस्त्यात बंद पडली. हल्लीच्या किटमध्ये तर गाडी मुळी ऐकतच नाही."

किशोरशेठ बैठकीत काळा चष्मा लावून बसले होते. माणूस बुटका, सोफ्यावर मागे टेकले की पाय गालिचाला पुरत नव्हते. नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि समोर डोळ्यांच्या औषधाची बाटली होती. डॉक्टरांनी अजून गाडी चालवायला परवानगी दिली नाही, हे त्यांनी न विचारताच सांगितलं.

त्यांची हकिकत सोपी होती. गाडी रात्रभर पोर्चमध्ये होती. पहाटे इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला, पाठोपाठ फाटक वाजलं.

"आणि लगेच धडाम," ते म्हणाले. "मिनिटही गेलं नसेल. न विचारता गाडी काढली आणि घाबरून परत फाटकाशी आणली. इतकी वर्षं घरच्यासारखं वागवलं त्याला."

चहा घेऊन आलेल्या त्यांच्या बायकोने, ठेंगण्या सुजाताबाईंनी, मान खालीच ठेवली. मुलगी ईशा त्याच पहाटेच्या विमानाने पुण्याला परतली होती. ती कशी गेली असं माधवीने विचारलं तेव्हा बाई नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, "कॅबने."

मुलगा तेजस दारात उभा होता. चौकटीखालून येताना त्याला मान वाकवावी लागली. आपण झोपलो होतो, एवढंच तो म्हणाला.

बाहेर आल्यावर उदय म्हणाला, "पोरगाच आहे. बहिणीला विमानतळावर सोडून आला, आणि बाप त्याला वाचवतोय."

साक्षीदारांच्या यादीत समोरच्या इमारतीतल्या रसिकाचं नाव होतं, तिच्याकडे माधवी गेली. रसिका पुण्याहून नोकरीसाठी आलेली, संगणकाच्या कंपनीत कामाला. ती चिडूनच बोलत होती. आवाज ऐकून, पुरावा राहावा म्हणून फोनवर चित्रीकरण करतच ती खाली धावली होती. बघता बघता लोक ड्रायव्हरला मारण्यात दंग झाले. गाडी अजून चालू होती ती तिने बंद केली, आणि मास्तरांसाठी रुग्णवाहिका बोलावली. ठाण्यात तिला फक्त एवढंच विचारलं, की ड्रायव्हर गाडीपाशी होता ना.

माधवीने ते चित्रीकरण पुन्हापुन्हा पाहिलं. मग दोघं ठाण्याच्या आवारात गेले. ती गाडी पंचनाम्यानंतर कुलूप लावून तशीच ठेवलेली होती. माधवीने काचेतून आत नजर टाकली आणि मान हलवली.

त्या आठवड्यात मास्तरांना शुद्ध आली, पण अपघाताचं काहीच आठवत नव्हतं. माधवीने सब-इन्स्पेक्टरांना किशोरशेठकडे यायला लावलं. रसिका आली, मालनबाई आणि दत्तोबाही आले. त्यांना कोणी बसा म्हणालं नाही.

"शेठ, गाडी रात्रभर पोर्चमध्ये गार पडली होती, आणि सुरू होताच मिनिटभरात धडक बसली. बरोबर?" माधवीने विचारलं.

"दहादा सांगितलंय."

तिने फोन समोर धरला. रसिकाचा हात किल्लीकडे जाताना दिसत होता. शेजारी गॅसचा स्विच, आणि त्यावर हिरवा दिवा. लुकलुकत नव्हता.

"ही गाडी गॅसवर चालत होती. एवढ्या थंडीत गार इंजिन मिनिटभरात गॅसवर येत नाही. त्याला चांगलं तापावं लागतं, काही किलोमीटर जावं लागतं. म्हणजे गाडी पोर्चमधून निघाली नव्हती. ती लांबून घरी येत होती. आणि दत्तोबा तर त्या वेळी चालत येत होता."

सब-इन्स्पेक्टर पुढे सरकले. उदयने तेजसकडे पाहिलं.

"तेजस नव्हे," माधवी म्हणाली. "ठाण्यात गाडीची सीट अजून स्टिअरिंगला लागलेली आहे. तिथे दत्तोबाचे गुडघे मावत नाहीत, तेजसचेही मावणार नाहीत. या घरात ती सीट एवढी पुढे लागते अशी दोनच माणसं आहेत, शेठ आणि सुजाताबाई. सुजाताबाई, तुम्हाला गाडी येते?"

सुजाताबाईंनी नकारार्थी मान हलवली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"त्या पहाटे घरातून एकच माणूस लांब गेलं, ईशा. ती कॅबने गेली नाही. विमानतळाच्या रस्त्यावर कॅमेरे आहेत, साहेब. कुणी तिकडे बघितलं नाही, कारण गाडी घरातून हललीच नव्हती असं सगळ्यांनी मानलं होतं."

किशोरशेठ म्हणाले की हे सगळे तर्क आहेत, डोळ्यांचं ऑपरेशन झालेला माणूस धुक्यात गाडी चालवेल कसा.

"पप्पा, बास," तेजस म्हणाला. "मी सोडतो म्हणालो होतो, तुम्ही ऐकलं नाहीत."

मग सगळं बाहेर आलं. लेकीला स्वतः पोचवायचा हट्ट होता. येताना डोळ्यांपुढे धुकं होतं की अधू नजर, हेही त्यांना कळलं नव्हतं. धडक कशाला बसली हे समजलं नाही; फाटक उघडायला उतरले तेव्हा मागे पडलेला माणूस दिसला आणि ते घरात पळाले. खिडकीतून पाहतात तो दत्तोबा गाडीत वाकलेला.

"अपघात कुणाच्याही हातून होतो," माधवी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण उदयने तो असा कधी ऐकला नव्हता. "लेकीची मायाही मी समजू शकते. पण चित्रीकरणात त्याआधीचंही आहे, लोक जमायच्या आधीचं. दत्तोबाची कॉलर धरणारा हात तुमचा आहे, शेठ. पहिली थप्पडही तुमची."

किशोरशेठनी चष्मा काढला. दत्तोबापुढे हात जोडून ते म्हणाले, "दत्तोबा, चुकलं माझं. माफ कर."



"मला मारलं ते जाऊ द्या," दत्तोबा म्हणाला. "पण शेठ, मास्तर तिथं थंडीत पडून होते. तुम्ही सगळ्यांना माझ्याकडं वळवलं. त्यांच्याकडं ही पोरगी येईपर्यंत कोणी गेलं नाही. माफी त्यांना मागा. आणि ते देतील की नाही, मला माहीत नाही."

मालनबाईंनी त्याच्या चांगल्या हाताला धरलं. जोडलेल्या हातांकडे त्यांनी बघितलंही नाही. बाहेर पडता पडता त्यांनी उदयला विचारलं, मास्तर आहेत त्या दवाखान्यापर्यंत सोडाल का.