परवाची चिठ्ठी

बारा वाजता ताई सही करणार होती. वडिलांच्या घरातला आणि दुकानातला आपला वाटा ती सोडणार होती. बदल्यात तिचे दोन भाऊ तिच्यावरची चोरीची तक्रार मागे घेणार होते.

साडेनऊला कोर्टातून कारकुनाला फोन आला.

"सहीआधी दुकानातल्या सामानाची यादी हवी. तुम्हीच जा. जुनी फाइल तुमच्याच हातची आहे."

या कारकुनाला सगळे यादीवाले म्हणत. भांडणारी घरं आणि त्यांची भांडीकुंडी बघण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. फाइल बगलेत मारून ते निघाले.

दुकान शिलाई मशीन दुरुस्तीचं होतं. चालवणारे बाबा अकरा वर्षांपूर्वी अचानक गेले. मृत्युपत्र मिळालं नाही, मिळाली ती त्याबद्दलची एक चिठ्ठी. मुळात केलंच नव्हतं, की कुणी लांबवलं? एवढ्या एका प्रश्नावर अकरा वर्षं कोर्ट चालू होतं. मृत्युपत्र असेल तर, भावांच्या मते, सगळं मुलग्यांना; नसेल तर तिघांना सारखा वाटा. म्हणजे ते नसण्यात फायदा कुणाचा? ताईचा. बाबांच्या शेवटच्या आठवड्यात त्यांच्याजवळ कोण होतं? ताई. नंतर सासरी परत जाताना त्यांची पेटी कोण घेऊन गेलं? ताईच. झालं, ती चोर ठरली.

यादीवाले पोचले तेव्हा दादा खुर्ची रुमालाने पुसून बसला होता. तो बँकेत साहेब. धाकटा तेलकट हातांनी एक मशीन खोलत होता, दुकान आता तोच चालवायचा. ताई उंबऱ्याबाहेर उभी होती.

"ताईंना बसायला द्या की."

"उभीच बरी," दादा म्हणाला. "आत आली की काहीतरी उचलते."

ताईने पदर सारखा केला.

यादीवाल्यांनी लिहायला घेतलं. फळीवर पाच जुनी मशीनं होती, गिऱ्हाइकांनी कधी न नेलेली. प्रत्येकाला बाबांच्या अक्षरातली पिवळी चिठ्ठी. 'पट्टा परवा.' 'शटल परवा.' 'पायडल परवा.'

"हा उभा खिळा कशाला?"

"झालेल्या कामांचा," धाकटा म्हणाला. "काम झालं की चिठ्ठी खिळ्यात खुपसायची. बाबांची पद्धत."

"आणि ही तार?"

"बाकी कामांची. चिठ्ठीच्या कोपऱ्यात भोक पाडायचं, तारेत ओवायचं."

तेवढ्यात एक शिंपीणबाई मशीन घेऊन आल्या.

"कधी देशील?"

"परवा."

"परवा म्हणजे परवाच ना रे? बापाचे गुण नकोत हां. त्यांच्याकडे माझं मशीन पाच परवा पडून होतं!"

दादासुद्धा हसला. यादीवाल्यांचं पेन मात्र थांबलं.

त्यांनी फाइल उघडली. वर टाइप केलेली नक्कल होती, 'मृत्युपत्र परवा झाले. दोन साक्षीदार.' खाली पाकिटात मूळ चिठ्ठी. बाबा ज्या संध्याकाळी गेले त्याच दिवशी त्यांनी ती लिहिली होती, याबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं. यादीवाल्यांनी ती उजेडात धरली. उलटी केली, सुलटी केली. त्यांचे कान तापले. त्यांनी चिठ्ठी पाकिटात ठेवली आणि घड्याळ पाहिलं. पावणेअकरा.

ते आधी उंबऱ्याशी गेले.

"पेटीत काय होतं, ताई?"

"बाबांचे दोन सदरे. आईची कात्री."

"मूळ चिठ्ठी तुम्ही पाहिलीत कधी?"

"नाही. नक्कल आली घरी. सासऱ्यांनी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचली."

मग दादाकडे.

"तुम्ही पाहिलीत?"

"मला काय गरज? धाकट्याने सांगितलं, वर कोर्टाची नक्कल. कोर्ट काय खोटं लिहितं?"

"लहानपणी दुकानात बसायचात का?"

"मी?" दादाने आवाज खाली आणला. "खरं सांगू? मी दुकानावरून जायचोसुद्धा नाही. शाळेतली पोरं हसायची. बाप नखशिखांत तेलात."

शेवटी धाकटा.

"चिठ्ठी कुठे सापडली?"

"जबानीत आहे ना. खिळ्यावर."

"नक्की?"

"सगळ्यात वर होती. मीच काढली."

यादीवाल्यांनी शटर अर्धं ओढलं. रस्त्यावरच्या लोकांनी हे ऐकू नये असं त्यांना वाटलं.

"ताई, आत या. तुम्हाला आत बसून ऐकायला हवं." त्यांनी चिठ्ठी टेबलावर ठेवली. "खिळ्यावरची कुठलीही चिठ्ठी काढा. मधोमध फाटलेली आहे. आता ही बघा. मध्ये साधा ओरखडाही नाही. भोक एकच, कोपऱ्यात, भोवती तारेचा गंज. ही खिळ्यावर कधी नव्हती. ती तारेत होती."

धाकट्याच्या हातातला पाना खाली आला.

"तारेत म्हणजे काम बाकी," यादीवाले पुढे म्हणाले. "आता वाचा. ताई, तुम्हीच वाचा."

"मृत्युपत्र परवा. दोन साक्षीदार." ताई अडखळली. तिने पुन्हा वाचलं. "यात 'झाले' नाहीये."

"नाहीये. आपल्या भाषेत परवा होऊन गेलेला असतो, तसा यायचाही असतो. तुमचे बाबा कुठला परवा लिहायचे? त्या फळीवर बघा. पट्टा परवा, शटल परवा. गिऱ्हाइकाला दिलेला वायदा! ते परवा वकिलाकडे जाणार होते, दोन साक्षीदार घेऊन. त्याच संध्याकाळी गेले. मृत्युपत्र झालंच नाही, दादासाहेब. जे नव्हतंच ते चोरणार कोण?"

दादाने चिठ्ठी ओढून घेतली. "मग 'झाले' कुणी घातलं?"

यादीवाल्यांनी चष्मा काढला. चष्म्याशिवाय ताईचा चेहरा धूसर दिसत होता, ते बरंच होतं.

"मी. हे धाकटे माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाले, मृत्युपत्र परवा झालं, खिळ्यावर चिठ्ठी आहे, घ्या लिहून. मला चिठ्ठीतलं वाक्य अर्धवट वाटलं. अर्धवट वाक्य मला बघवत नाही. मी ते पुरं केलं आणि खाली शिक्का मारला, नक्कल बरोबर आहे. एक शब्द. पण मी चुकलो होतो. यांना मात्र माहीत होतं. तारेतून चिठ्ठी यांनीच काढली, आणि रोज वीस गिऱ्हाइकांना परवा म्हणणाऱ्या माणसाला त्याचा अर्थ मी सांगायला नको."

"धाकट्या," दादा म्हणाला. "बोल काहीतरी."

धाकट्याने पाना टेबलावर ठेवला.

"वाटे पडले असते तर दुकान विकलं गेलं असतं. तू शिकलास, ताईचं लग्न झालं. मला एवढंच येतं. वाटलं, वर्षभर भांडण राहील, तेवढ्यात काहीतरी सुचेल." "मग ताईला चोर म्हणायला लागले. मग सांगायचं कसं? रोज वाटायचं, आज सांगू."

"आणि आज बाराला तिची सही घेणार होतास?"

"तूपण घेणारच होतास ना, दादा."

दादा खुर्चीतून उठला आणि कुठे उभं राहावं हे न कळून फळीपाशी गेला.

"ताई," तो म्हणाला, "मघाशी मी जे बोललो..."

"मघाशीचं राहू दे." ताई पहिल्यांदाच मोठ्याने बोलली. "अकरा वर्षं माझ्या घरी कपाटाची किल्ली सासूबाईंच्या कमरेला आहे. बाहेरून आले की माझी पिशवी उलटी करतात. पोरीचं लग्न ठरत होतं तेव्हा व्याही म्हणाले, हीच ना ती, बापाचं मृत्युपत्र लांबवणारी? पोर माझ्याकडे बघायला लागली." ती उठली. "चला, तिथे येऊन बोला."

"आत्ता? बारा वाजता वकील येतोय."

"बसेल वाट बघत."

"अगं, पण तुझ्या सासरच्यांसमोर मी काय बोलू?"

"उचलते म्हणताना शब्द बरे सापडले होते!"

दादाने चपला घातल्या. धाकटा नळाखाली हात घासायला लागला, तेल काही निघेना.

"राहू दे," ताई म्हणाली. "असाच चल. आणि पहिलं तू बोलायचंस."

यादीवाल्यांनी फाइल उचलली. त्यांनी ताईला विचारलं, "मी येऊ?"

"तुम्ही पुढे व्हा," ती म्हणाली. "कोर्टाचं ओळखपत्र आहे ना? ते दाखवा आधी. माझ्या माहेरच्या माणसांच्या शब्दावर तिथे कुणी विश्वास ठेवायचं नाही."

यादीवाल्यांनी खिशातून ओळखपत्र काढलं आणि गळ्यात घातलं, नाव समोरून वाचता येईल असं.