छान, पण राहिलं

बस, बस. तिथे नको, त्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर बस. ती जरा करकरते, पण पडायची नाही. ढग आलेत, दुपारीच अंधारलंय बघ. थांब, दिवा लावते.

आल्या आल्या तू कपाटाकडे बघितलंस ते मी पाहिलं. सगळेच बघतात. खोलीच्या मधोमध कपाट कोण ठेवतं, म्हातारीला वेडबिड लागलं की काय, असं मनात आलं असेल तुझ्या. लाजू नकोस. सांगते. तू आमच्या स्पर्धांचं काम हातात घ्यायला आलीयेस, तेव्हा तुला हे कळायलाच हवं. मागाहून म्हणशील, ताईंनी सांगितलं नाही.

आपल्या या ऑनलाइन खेळात काय, बेट बांधायचं, शेळ्या पाळायच्या, शेजाऱ्याच्या बेटावर जाऊन गप्पा छाटायच्या. पण खरी गर्दी व्हायची ती स्पर्धांना. चित्रं, गोष्टी, कागदाच्या होड्या. बक्षीस म्हणजे बेटावर लावायला एक झेंडा. त्या झेंड्यासाठी मोठमोठी माणसं पोरांसारखी भांडायची! मी स्पर्धा चालवायचे, यंत्राची बाजू वायरमन बघायचा. तो खरा वायरमन नव्हे, आम्ही त्याला म्हणायचो तसं. आणि परीक्षक होत्या बाई.

बाई म्हणजे चित्रकलेच्या निवृत्त शिक्षिका. नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत. त्यांची एक रीत होती. जिंको की हरो, आलेल्या प्रत्येक चित्राखाली त्या स्वतः एक ओळ लिहायच्या, आणि ती ओळ ठरलेली. 'छान. पण दिव्याची सावली राहिली.' 'छान. पण मांजराची शेपटी राहिली.' चित्रात काय राहिलं तेवढंच सांगायचं. मग ज्याचं त्याने ते सुधारून पुन्हा पाठवायचं, आणि बाई पुन्हा बघायच्या. लोक बक्षिसासाठी नाही, बाईंची बोलणी खायला भाग घ्यायचे. 'आमचं काय राहिलं हो?' म्हणून मागे लागायचे.

हिवाळ्यात बाई गेल्या. दवाखान्यातल्या खाटेवरूनसुद्धा शेवटपर्यंत चित्रं तपासत होत्या. मी खूप रडले, खोटं कशाला बोलू. वायरमनने त्यांचं खातं बंद केलं, पण परीक्षकांमधलं त्यांचं नाव काढायला आमचा हात धजावला नाही. असू दे म्हटलं, नावाने कुणाचं काय जातं?

पुढच्या स्पर्धेचा विषय मीच काढला. 'मी खेळते ती खोली.' आपण खेळायला बसतो ती खोली जशीच्या तशी काढायची. कोणी दुसऱ्याचं चित्र ढापू नये म्हणून आपली जुनी अट होतीच. चित्र त्याच खोलीत जमिनीवर ठेवायचं, शेजारी आपल्या हाताने लिहिलेली चिठ्ठी, आणि दोन्हींचा फोटो पाठवायचा.

सुट्टीची दुपार होती. जेवण झालं, भांडी आवरली, आणि मी चित्रं उघडायला बसले. पहिलं चित्र एका रखवालदाराचं. पत्र्याची खोली, कंदील, वेताची खुर्ची. आणि खाली बाईंच्या नावापुढे ओळ.

'छान. पण खुर्चीतले आजोबा राहिले.'

मी वायरमनला फोन लावला. म्हटलं, "मेल्या, ही कसली थट्टा? बाईंच्या नावाने लिहितोस?"

"ताई, मी आत्ता झोपेतून उठलोय. मला साधा निबंध लिहिता येत नाही, बाईंसारखं काय लिहिणार?"

"मग कोणी लिहिलं?"

"खातं बंद आहे. मी स्वतः केलंय." तो नेहमी बडबड्या. त्या वेळी मात्र एवढंच बोलला.

मी पुढचं चित्र उघडलं. ते एका परिचारिकेचं. पलंग, खिडकी, खिडकीत कुंडी. 'छान. पण खिडकीशी उभी आहे ती राहिली.' ओळी सगळ्यांना दिसत होत्याच. थोड्या वेळात त्या परिचारिकेचा फोन आला. ती रडत होती, पण घाबरून नाही गं. म्हणाली, "ताई, माझी बहीण तिथेच उभी राहायची. माझी वाट बघत. तिला जाऊन किती वर्षं झाली... कोणाला सांगितलंसुद्धा नाही मी. बाईंना विचाराल का, ती बरी दिसते का?"

विचारते म्हटलं आणि फोन ठेवला. मग रखवालदाराचाही निरोप आला. खुर्ची त्याने जुन्या बाजारातून आणलेली. आजोबा कोण ते त्याला ठाऊक नव्हतं, पण खुर्ची त्याने आत्ताच अंगणात नेऊन ठेवली होती.

म्हणजे चित्रांत राहिले होते ते सगळे गेलेले. बाई आता तिकडून बघत होत्या, आणि तिकडची माणसं त्यांना दिसत होती. मला तर वाटलं, चला, बाईंना अजून आपली आठवण आहे. भीती होती, पण तिच्यात माया होती. इथपर्यंत सगळं ठीक होतं बघ.

मग एक चित्र उघडलं. टोपणनाव होतं 'चिंचोका'. नवीनच कोणीतरी. भाड्याची बारकी खोली, गादी, भिंतीला लागून उंच कपाट, आणि गादीशेजारी लाल छपराचा दिवा. दिव्याची मान मोडलेली, तांब्याच्या तारेने बांधलेली. तो दिवा मी केलाय. हाच, तुझ्याजवळ लावलाय ना, हाच. लेक नोकरीसाठी परगावी निघाली तेव्हा मीच तिच्या पिशवीत घातला होता.

आधी मला रागच आला. आयोजकांच्या घरच्यांनी भाग घ्यायचा नाही, हा नियम मीच केलेला, आणि माझीच कार्टी खोट्या नावाने! चित्र बाद करायला बोट उचललं, तेवढ्यात खालची ओळ वाचली.

'छान. पण कपाटामागचा राहिला.'

कपाटामागचा. पुरुष. माझी एकुलती एक पोर त्या खोलीत एकटी राहत होती. मी फोन लावला. तिने उचलेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

"अय्या, कळलं वाटतं तुला," ती हसायला लागली. "आई, चिडू नकोस हं. सगळ्यांना ओळी येताना दिसल्या म्हणून मीही पाठवलं, मला बाईंची ओळ हवी होती फक्त. लहानपणी त्यांनी माझं एकही चित्र—"

"कुठे आहेस तू?"

"खोलीतच. कपाटाला टेकून बसलेय मस्त."

"ऊठ."

"काय?"

"ऊठ, आणि खोलीच्या बाहेर जा. आत्ता."

"आई, झोपेत आहेस का? काय झालं?"

मी ओळ वाचून दाखवली. ती म्हणाली, "काहीतरीच. कपाट भिंतीला ठोकून बसवलंय. त्याच्या मागे मुंगी शिरायची नाही..." आणि बोलता बोलता थांबली.

"आई..."

"हं."

"पाठीला ऊब लागतेय. रोजच लागते. मला वाटायचं... ऊन येत असेल मागून."

"त्या भिंतीला ऊन येतं?"

"नाही," ती म्हणाली. एवढ्या हळू, की मला जेमतेम ऐकू आलं. "पलीकडे जिना आहे. बंद."

मी काय काय ओरडले मला आठवत नाही. ती अनवाणी बाहेर पळाली. मी मिळेल त्या गाडीने गेले तर चहाच्या दुकानात बसली होती, समोरचा चहा तसाच. मला बघितल्यावर गळ्यात पडली. एवढी मोठी घोडी, नोकरी करणारी, पण लहान असताना तापात बिलगायची तशी बिलगली गं.

सामान मी एकटीच आणायला गेले. घरमालकीण दारात उभी. मी विचारलं, "या कपाटामागे काय आहे?"

ती म्हणाली, "कपाट हलवायचं नाही, हे मी तुमच्या मुलीला आधीच सांगितलं होतं."

"मी हलवायचं म्हटलंच नाही. काय आहे ते विचारतेय."

"त्याला हलवायचं नाही," ती पुन्हा म्हणाली, आणि दारातून बाजूला झाली. खोलीत वास होता. माणूस पुष्कळ वेळ एका जागी बसला की त्या जागेला येतो तसा. कपडे भरले, हा दिवा उचलला, आणि मागे वळून न बघता निघाले. काय सुटका वाटली म्हणून सांगू! बाईंचे उपकार फिटायचे नाहीत असं मी बसमध्ये दहादा म्हटलं असेल.

लेकीने इथल्याच एका कचेरीत काम धरलं. ही खोली तिची. खाऊ-पिऊ लागली, हसू लागली. एका सकाळी खुर्ची ओढून बसली, तू बसलीयेस तिथेच, आणि चित्र काढायला लागली. म्हणाली, "आई, सुधारून पाठवायची रीत आहे ना? मग बाईंना ही खोली पाठवते. त्यांना कळेल, मी घरी आलेय म्हणून." गुणगुणत होती पोर. पलंग, दिवा, भिंतीला लागून आमचं हे घरचं कपाट, आणि दारात मी, कमरेवर हात ठेवून. अगदी हुबेहूब. जमिनीवर ठेवून फोटो काढला, पाठवला. आम्ही दोघी गालाला गाल लावून बघत होतो. मला खरंच वाटलं, बाई म्हणतील, काही राहिलं नाही.

ओळ आली.

'छान. पण कपाटामागचा इथेही राहिला.'

तेव्हापासून कपाट मधोमध आहे. भिंत नको, फट नको, चहूबाजूंनी मोकळं. रोज मी त्याला फेऱ्या मारते. पण एका माणसाची अडचण अशी गं, की या बाजूला उभं राहिलं की त्या बाजूचं दिसत नाही. त्या बाजूला गेलं की या बाजूचं. लेक म्हणते, आई, काही नाहीये, उगाच जीव काढतेस. पण परवा सकाळी म्हणाली, हल्ली मला रात्री पांघरूण लागत नाही. पलंग खिडकीखाली आहे तिचा. एवढा गारठा येतो.

म्हणून तुला त्या कोपऱ्यात बसवलं. रागावू नकोस. मी इथून ही बाजू बघतेय, तुला तिथून ती बाजू दिसते. स्पर्धांचं काम तू घे नाहीतर नको घेऊस, पण एवढं कर. लेक संध्याकाळी येईल. ती यायच्या आत मला कोणीतरी सांगायला हवं, की तिकडे काही नाही.

जरा वाकून हात लावून बघ कपाटाच्या पाठीला. गार आहे ना?

अगं, बोल ना... पाय का वर घेतलेस?